पंचशीला मॅडमच्या चुगलखोर डब्या

मला लिहायची सवय नाही, नीट जमेल असंही वाटत नाही. पण पंचशीला मॅडमबद्दल कुणीतरी लिहायला हवं. निवृत्त झाल्यावरही मी लातूरच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पेपर वाचायला जातो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

मॅडम मूळच्या भोकरच्या. कॉलेजचं नेटवर्क त्या सांभाळतात, नोकरी कंत्राटी. यंदा उन्हाळ्यात परीक्षेच्या लॅबचं नेट अधूनमधून जाऊ लागलं. कधी सकाळी, कधी दुपारी, काही नेम नाही. प्राचार्य म्हणाले, "ऑनलाइन परीक्षेच्या आत कारण सापडलं नाही, तर काम बाहेरच्या कंपनीला देऊ." म्हणजे मॅडमची नोकरी गेलीच.

त्यांनी एक जुना कॉम्प्युटर पुसून घेतला अन् त्याचा लॉग सर्व्हर करायला बसल्या. मला म्हणाल्या, "काका, इमारतीत जागोजागी त्या नेटच्या डब्या आहेत ना, त्यांना स्विच म्हणतात. काही झालं की त्या निरोप पाठवतात, पण घ्यायला कुणीच नव्हतं. आता सगळे निरोप इथं येतील."

प्रत्येक स्विचमध्ये सर्व्हरचा पत्ता भरला. तरी पडदा कोराच.

"पत्ता बरोबर हाय का?" मी भीतभीत विचारलं.

मॅडमनी जरा वेळ शोधलं अन् कपाळाला हात लावला. "पत्ता बरोबर आहे काका. सर्व्हरची फायरवॉल उघडायची राहिली. पाहुण्यांना बोलावलं अन् दाराला आतून कडी!"

कडी निघाली आणि ओळींवर ओळी येऊ लागल्या.

पुढं पुन्हा नेट गेलं. मुख्य स्विचचा निरोप आला, ग्रंथालयाकडची लाइन तुटली. थोड्या वेळानं ग्रंथालयाचा स्विच कळवू लागला, आत्ताच चालू झालो. लॅबची लाइन त्याच स्विचवरून गेलेली. मॅडम पळतच ग्रंथालयात आल्या. आमच्या शिपाई गौरम्मा कूलर भरून पाण्याचा पाइप गुंडाळत होत्या. नळाला पाणी येईल तेव्हा त्या कूलर भरतात, आणि शॉक लागू नये म्हणून आधी अख्खा बोर्ड बंद करतात. स्विचची पिन त्याच बोर्डात.

"मावशी, मी विचारलं होतं ना, काही बंद करता का म्हणून?"

"तुमी कॉम्प्युटरचं इचारलं. मी कॉम्प्युटरला हात बी लावत न्हाई!"

"आणि हे बटन?"

"ते कूलरचं हाय. शॉक लागून मरू काय मी?"

मॅडम हसत हसत खुर्चीतच बसल्या.

वायरमननं स्विचला वेगळी लाइन दिली. परीक्षा सुरळीत झाली, मॅडमचं कंत्राट वाढलं. गौरम्मा मात्र अजून कूलर भरायच्या आधी सर्व्हरच्या खोलीच्या दारात जाऊन ओरडतात, "मॅडम, बटन बंद करतेय! तुमच्या डबीला सांगा, माझी चुगली करू नको म्हणावं!"