साखऱ्याहून कुरुंद्याला, डोळे मिटून

आईला गाडी लागते. नुसती लागते म्हणणं कमीच होईल. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला तरी तिच्या पोटात ढवळायला लागतं. सेनगाव तालुक्यातलं साखरा तिचं माहेर आणि कुरुंदा सासर. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण या दोन गावांमधली वाट तिनं कधी बघितलेलीच नाही. गाडीत बसलं की नाकाशी लिंबू धरायचं, डोळे गच्च मिटायचे, ते घर आल्यावर उघडायचे. वाट तिला कानानं आणि नाकानं ठाऊक आहे. हॉर्नचा गलका वाढला की हिंगोली, भज्यांचा वास आला की वारंगा फाटा.

यंदा हुरड्याला मामाकडे गेलो होतो. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. माणूस मोजकंच बोलतो, आणि त्यातलंही निम्मं बैलांशी. निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या बायकोनं आईला सहज विचारलं, “आई, तुमच्या माहेरच्या वाटेवर काय काय लागतं हो?”

आई म्हणाली, “वळणं.”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी ठरवून टाकलं, परतीच्या वाटेचं शूटिंग करायचं. घरी टीव्हीवर लावलं की आई पलंगावर बसून निवांत बघेल. गाडीच्या पुढच्या काचेला मोबाईलचं स्टँड होतंच.

सकाळी मामाच्या अंगणात सगळ्यांचा सेल्फी काढला आणि मोबाईल स्टँडवर चढवला. बॅटरी पुरावी म्हणून पडद्याचा उजेड पार कमी केला, बटण दाबलं. मामानं आईला मागच्या सीटवर बसवलं, “बसा बसा, उन्हं चढून राहिली,” म्हणाला आणि दार लावलं. धाडकन. तोंडातून ‘पुन्हा ये’ नाही की काही नाही.

आईला नेमकं हेच लागतं. दर वेळी ती मिटल्या डोळ्यांनी तेच गाऱ्हाणं गाते. या वेळीही गाडी जरा पुढं जाताच सुरू झाली. “दार लावलं की मोकळा झाला. पोतं चढवावं तसं चढवतो मला.” पण या वेळी पुढं आणखी एक वाक्य आलं. “बस झालं आता. बोलावणं आलं तरी मला सांगू नको. मी न्हाई येणार.”

तिचा आवाज असा होता की मला खोडताही येईना. मी गुमान गाडी चालवली. खरं सांगायचं तर माझं लक्ष शूटिंगमध्येच जास्त होतं. मी डायरेक्टर झालो होतो! हिरवागार हरभरा दिसला की वेग कमी करत होतो, तुरीचं खळं दिसलं की आणखी कमी. बायको बोलायला लागली की तिला गप्प करत होतो, आवाज येतो म्हणून. हिंगोलीत मोबाईलमधली जागा भरली आणि शूटिंग आपोआप बंद पडलं. म्हटलं, एवढं पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी आईला पलंगावर बसवलं आणि थाटात टीव्ही लावला. पडद्यावर आल्या माझ्या नाकपुड्या. सेल्फीनंतर कॅमेरा फिरवायचा राहूनच गेला होता. हरभरा नाही, तूर नाही, नुसते आम्ही तिघं. बायको हसून हसून खाली बसली. मला असा राग आला की रिमोट उचलून बंदच करणार होतो.

“थांब,” आई म्हणाली. “मागं कोन हाय ते?”

पडद्यावर माझ्यामागे आई होती, डोळे मिटलेली. तिच्या खांद्यावरून गाडीची मागची काच दिसत होती आणि त्या काचेत मामा. दार लावून तो घरात गेलाच नव्हता. रस्त्याच्या मधोमध येऊन हात वर करून उभा होता. पुढं शेळ्या आडव्या आल्या म्हणून मी गाडी थांबवली, तसा तो लगबगीनं चार पावलं पुढं आला. गाडी निघाली, तो थांबला. हात वरच. आणि तेवढ्यात टीव्हीतून आईचाच आवाज आला, “दार लावलं की मोकळा झाला.”

वळण येईपर्यंत मामा तसाच उभा होता.

माझी मलाच लाज वाटली. आरसा माझ्या डोळ्यांसमोर होता. इतक्या वर्षांत मी त्यात मागून येणाऱ्या मोटारसायकली बघितल्या, मामा नाही बघितला.

आईनं तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, “त्याला फोन लाव.” मी स्पीकर सुरू करून मोबाईल तिच्यासमोर धरला.

“दादा, गाडी निघाल्यावर तू रस्त्यात काहून उभा ऱ्हातोस?”

“तुला कोनं सांगितलं?”

“मी बघितलं.”

“तू?” मामा हसला. “तू तर डोळे मिटून बसतीस, बाई. यष्टीनं जायचीस तवाबी मिटायचीस.”

“म्हाईत हाय न्हवं? मंग काहून उभा ऱ्हातोस?”

मामानं तिकडं बैलाला उगाच दटावलं. मग म्हणाला, “म्हटलं, एखांद्या टायमाला उघडशील.”

आई रडली. लपवलं नाही तिनं. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून म्हणाली, “पुढच्या खेपेला निघताना गाडी जरा हळू काढ.”