पाणी उकळते, पण तापत नाही

"मॅडम, तापमान नॉर्मल आहे. तक्रार खोटी. तुम्ही फक्त सही करा."

कंपनीच्या नागपूरजवळच्या वाडीतल्या ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजरने माझ्यापुढे रिपोर्ट सरकवला. मी भूजलतज्ज्ञ आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि कशामुळे बिघडतं, हे बघणं माझं काम. नागपुरात माझी छोटी कन्सल्टन्सी आहे. सावनेरकडच्या एका गावाजवळ या कंपनीने गॅसची चाचणी विहीर घेतली होती. कोळशाच्या थरात गॅस अडकलेला असतो. प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत सोडून तो थर तडकवायचा, की गॅस मोकळा होतो. यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

त्यानंतर गावातून तक्रार आली होती: 'बोअरचं पाणी उकळून राहिलं.' कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात कोणीतरी त्याचं इंग्रजी केलं, 'वॉटर इज बॉइलिंग'. मग थर्मामीटर घेऊन टीम आली. पाणी थंडगार निघालं, फाइल बंद झाली.

मला आधी हसू आलं, मग संताप आला. माझं माहेर त्याच तालुक्यातलं. विहिरीच्या तळाशी झरा जोरात फुटला की आमच्याकडे विहीर उकळून राहिली असंच म्हणतात. मी सही केली नाही आणि तिथूनच ड्रायव्हरला गाडी सावनेरकडे घ्यायला सांगितली.

गावाला नळाचं पाणी एकाच बोअरमधून येई. तिचा पंप चालवायच्या कांताबाई, माझ्या आईच्या वयाच्या. मी विचारलं, पाणी गरम लागतं का?

"गरम काहून लागन वं? गरम असतं तर आधन आलं म्हटलं असतं. हे खालून बुडबुडे येऊन राहिले."

पंप हाऊस म्हणजे विटांची एक खोली. माकडं शिरतात म्हणून खिडकीला पत्रा ठोकलेला. आत स्टार्टरच्या वर देवाचा फोटो आणि त्याच्यापुढे रोजची उदबत्ती. मी दारातूनच गॅस डिटेक्टर आत धरला आणि तो कोकलायला लागला. कांताबाईंच्या हातात काडेपेटी होती. ती मी काढून घेतली. त्यांना लांब नेलं, खांबावरून वीज बंद करवली, पत्रा काढवला.

"मले कोणी सांगतलंच नाही," त्या म्हणाल्या.

गावाचं पाणी मीच बंद केलं होतं, त्यामुळे सरपंच माझ्यावर उखडले. ते चूक नव्हते. मी मॅनेजरला फोन लावून टँकर मागितले. ते म्हणाले, हा कोळशाचा पट्टा आहे, मिथेन गॅस नैसर्गिकरीत्याही येतो, आमचा काय संबंध? मुद्दा बरोबर होता, म्हणून तो तपासणं भाग होतं. टँकर मात्र त्यांनी पाठवले.

खोलीतला गॅस निघून गेल्यावर पाण्याने भरलेली बाटली उलटी धरून आम्ही बुडबुडे गोळा केले. चाचणी विहिरीतला गॅसही घेतला. लॅबमध्ये दोन्हींची घडण जुळली. विहिरीपासून दूरच्या बोअर स्वच्छ होत्या. फ्रॅकिंगमधलं रसायन पाण्यात कुठेही सापडलं नाही, तेही मी स्पष्ट लिहिलं. मग गॅस वर कुठून आला?

गॅसच्या विहिरीत लोखंडी पाइप असतो, त्याला केसिंग म्हणतात. केसिंगच्या बाहेरून सिमेंट भरतात, म्हणजे गॅस पाइपच्या कडेने वर चढत नाही. हे सिमेंट नीट धरलंय की नाही ते आवाजाच्या लहरींनी तपासता येतं. मॅनेजर म्हणाले, तपासणी केली आहे. मी विचारलं, वरपर्यंत?

ते म्हणाले, "वरच्या भागाची गरज वाटली नव्हती."

गावाचं पाणी वरच्याच भागात होतं.

तपासणी पुन्हा झाली. नेमक्या पाण्याच्या थरापाशी सिमेंट पोकळ निघालं. मॅनेजर माणूस सरळ. तपासणीची आकृती पाहिल्यावर त्यांनी वाद घातला नाही. काम थांबवून त्या पोकळीत दाबाने सिमेंट भरलं. बुडबुडे आधी कमी झाले, मग थांबले. मी पुनःपुन्हा तपासलं, खात्री झाल्यावरच पाणी सुरू करायला होकार दिला.

शेवटच्या रिपोर्टमध्ये मी गावाचं वाक्य जसंच्या तसं मराठीत टाकलं. मॅनेजर म्हणाले, हेड ऑफिसात हे कोण वाचणार? मी म्हटलं, वाचणारं कोणी नसेल तर एक माणूस नेमा, पुढचं फ्रॅकिंग त्यानंतर करा. त्यांनी खरंच सावनेरचीच एक मुलगी नेमली. माझ्या सगळ्या रिपोर्टमधली गावाची ती ओळच मला सर्वांत जास्त अभिमानाची वाटते.

पंप सुरू झाला त्या दिवशी पहिला पेला कांताबाई स्वतः प्यायल्या आणि दुसरा त्यांनी मला दिला. पाणी पूर्वीसारखंच जड होतं, डाळ लवकर न शिजवणारं. त्याबद्दल गावाची कधीच तक्रार नव्हती, म्हणून मीही रिपोर्टमध्ये काही लिहिलं नाही. पेला रिकामा करून आणखी एक मागितला.