मशीनचा पोळा

कम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वरच्या कडेला तूप-हळद चोपडलेली होती. समोर पानावर पुरणपोळी होती. आणि पंख्याचा आवाज येत नव्हता. सोळा दिवस अखंड चालू असलेलं माझं मशीन बंद होतं.

"मामाजी, हे कोणी बंद केलं?"

"म्या केलं," सासरे शांतपणे म्हणाले. "आज पोळा हाये ना पोरी."

आधी माझं काम सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. हैदराबादच्या एका औषध-संशोधन कंपनीसाठी मी मॉलिक्युलर डायनॅमिक्स करते. शरीरातलं एखादं प्रोटीन घ्यायचं, कम्प्युटरमधल्याच पाण्यात सोडायचं, शेजारी औषधाचा रेणू ठेवायचा आणि क्षणाक्षणाला प्रत्येक अणू कुठे सरकतो ते मोजायचं. औषध प्रोटीनला चिकटून राहतं की सुटून जातं, एवढंच शेवटी बघायचं असतं. यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड टाइप करायची आणि एंटर मारायचा. मग मशीन वीस दिवस घरघरत बसतं. याला आम्ही रन म्हणतो.

लग्नानंतर मी शिरपूरजवळच्या गावात आले. घरून काम करू द्या म्हणून बॉसच्या, म्हणजे राव सरांच्या, खूप विनवण्या केल्या. त्यांनी शेवटी मशीन टेम्पोने पाठवलं आणि सोबत अट घातली: एक डिलिव्हरी चुकली, की मशीन आणि तुम्ही, दोघंही हैदराबादला परत. मला परत जायचं नव्हतं. नवऱ्याची मास्तरकी इथली, घर इथलं. या रनचा रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा होता. चार दिवसांचं काम बाकी होतं.

मामाजींची या मशीनशी वेगळीच ओळख होती. गावातल्या बहुतेकांनी ट्रॅक्टर घेतले, यांनी बैलजोडी सोडली नाही. येता-जाता ते माझ्या खोलीच्या दारात थांबून पंखा ऐकत.

"हे तं दिवसरात हाफून राह्यलं. याले सुट्टी कधी?"

"काम संपल्यावर," मी हसून म्हणाले होते. ते हसले नव्हते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांना आवतन देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. यंदा मामाजींनी ते मशीनलाही दिलं होतं. कॅबिनेटचा खांदा कुठला, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"मला विचारायचं तरी!"

"तुह्या समोरच तं देल्लं. तू मान हालवली."

मी कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये होते. मान राव सरांसाठी हलवली होती.

"मग बंद कसं केलं? वायर ओढली?"

"वायर कायले ओढू? बैल काय असा सोडते कोणी? बटन दाबलं हळूच. त्यानं थोडा वेळ घेतला, मंग आपल्या मनानं थांबलं."

खरं सांगायचं तर बंद करायची हीच योग्य रीत आहे. बटण एकदा हलकेच दाबलं की मशीन सगळ्या प्रोग्रॅमना आवरायला सांगतं. आमचा प्रोग्रॅम मग आपण कुठवर पोचलो ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. तिला चेकपॉइंट म्हणतात. म्हणजे काहीच बुडालं नव्हतं. हे मला माहीत होतं, तरी माझं डोकं तडकलेलंच होतं.

"मी आत्ता चालू करते."

"आज नाई."

"मामाजी, शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय!"

"मंग उद्या जुपजो. आज मानेवर जू ठेवत नसते."

तेवढ्यात राव सरांचा फोन आला.

"रन दिसत नाही. पॉवर कट?"

"नाही सर. सुट्टी."

"तुमची?"

"मशीनची."

"कोणी सँक्शन केली?"

मी मामाजींकडे पाहिलं. ते बैलांच्या झुली झटकत होते. "सर, आज चालू होईल," एवढंच मी म्हणाले.

संध्याकाळी मामाजी आणि माझा नवरा बैल घेऊन पोळ्यात गेले. घरात कोणी नाही असं पाहून मी मामाजींनी कॅबिनेटला बांधलेलं बेगडाचं बाशिंग काढलं, खाटकन कमांड टाइप केली, एंटर मारला. पंखा सुरू झाला. मी ओवाळणीचं ताट घेऊन निवांत निघाले. पोळा फुटून, म्हणजे तोरणाखालून बैल सुटून घरी येऊन, त्यांना ओवाळून खोलीत यायला तासापेक्षा जास्त वेळ गेला.

किती क्षण मोजून झाले तो स्क्रीनवरचा आकडा कोटींमध्ये हवा होता. तो लाखांत होता.

कमांडच्या शेवटी "चेकपॉइंटपासून पुढे चल" अशी एक छोटी सूचना द्यावी लागते. ती मी दिलीच नव्हती. न दिल्यास प्रोग्रॅम तक्रार करत नाही, मुकाट पहिल्यापासून सुरू करतो आणि अर्ध्या-पाऊण तासात जुन्या चेकपॉइंटवर नवा लिहून टाकतो. मधली निरीक्षणं शिल्लक होती, पण क्लायंटला एकसलग रन हवा होता. सोळा दिवस गेले. मी जमिनीवर बसून रडले.

मामाजी दारात आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग मी राव सरांना मेल लिहिला. "स्थानिक सणामुळे घरच्या व्यक्तीने मशीन बंद केले. रन पुन्हा सुरुवातीपासून करावा लागत आहे." एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याचीच मला आजही लाज वाटते. नियमाप्रमाणे सोबत लॉग जोडले. लॉग म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, मिनिटामिनिटाची.

सकाळी फोन आला.

"काल अकरा बेचाळीस. व्यवस्थित शटडाउन, चेकपॉइंट लिहिलेला. हे कोणी केलं?"

"सासऱ्यांनी."

"संध्याकाळी पाच दहा. रिस्टार्ट, चेकपॉइंटशिवाय. आणि हे?"

"मी केलं, सर."

"सासरे काय करतात?"

"शेती."

"त्यांना फोन द्या."

मामाजींनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या हिंदीत, गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "साब, वखर कल जहाँ छोडा, आज वहींच से पकडना पडता. इसने फिरसे धुरे से पकडा. पोरगी हुशार है, पन कल गुस्से में थी."

बैलांनी ओढायच्या वखराला आणि शेताच्या कडेच्या बांधाला, म्हणजे धुऱ्याला, हैदराबादेत काय म्हणतात कोण जाणे. पण राव सरांना कळलं. त्यांनी क्लायंटकडून तीन आठवडे मागून घेतले. मशीन इथेच राहिलं, मीही राहिले. फक्त एक नवी अट आली, तीही लेखी: यापुढे प्रत्येक कमांड एंटर मारण्याआधी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची.

मला ही थट्टा वाटली होती. ती नव्हती. मामाजी चष्मा लावून खुर्चीत बसतात. मी इंग्रजी अक्षरं, डॅश, टिंबं सगळं वाचते. त्यातलं त्यांना काही कळत नाही, तरी शेवटपर्यंत ऐकतात आणि एकच विचारतात, "कुठून धरायचं हे सांगतलं काय त्याले?"

आतापर्यंत दोनदा मी खरंच सांगितलेलं नव्हतं.