ऐकणाऱ्याची सही

त्या घरात उन्हाळ्यातसुद्धा पंखा लावायची चोरी होती. पंखा जुना, खडखड करणारा, आणि त्या खडखडीत एखादा शब्द हरवला तर? म्हणून मीटरवाला बावीस वर्षं पुठ्ठ्याने वारा घेत जेवला. नळ पूर्ण सोडायचा नाही, टीव्ही लावलाच तर मुका. मिक्सरचं काही काम निघालं की बायको त्याच्या हातात भांडं देऊन त्याला शेजारी शिंपीणकाकूंकडे पिटाळायची. पाहुणे आले की दोन वाक्यांत आपोआप कुजबुजायला लागायचे आणि चहा संपवून लवकर उठायचे. लोकांना वाटायचं, आत कुणीतरी आजारी आहे. आजारी कुणी नव्हतं. घरात एक मुलगी होती, आणि तिच्या तोंडून दुसऱ्यांदा 'आई' ऐकायला मिळेल म्हणून तिची आई कानात प्राण आणून बसली होती.

पहिल्यांदा तिने स्वतः ऐकलंच नव्हतं. ऐकलं होतं मीटरवाल्याने. निदान त्याने तसं सांगितलं होतं.

माणूस मुळात खोटारडा असता तर मी त्याची गोष्ट सांगायच्या भानगडीत पडलो नसतो. पण हा कसला खोटारडा! वीज कंपनीत मीटर वाचायचं काम. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, कानामागे पेन्सिल. जिन्याखालच्या कोळिष्टकांत डोकं घालून, कुत्र्यांची बोलणी खाऊन, काचेवरची धूळ रुमालाने पुसून तो एकेक आकडा उतरवायचा. त्याचे सोबती झाडाखाली बसून निम्म्या गल्लीची रीडिंगं अंदाजपंचे भरायचे आणि वर याचीच टर उडवायचे. घराला कुलूप असलं तर हा 'कुलूप' असं लिहायचा आणि तीन-तीन खेपा घालायचा. चौतीस वर्षांत त्याने मनाचा एकही आकडा लिहिला नाही. साहेबलोक नव्या पोरांना सांगायचे, वाद झाला तर या माणसाचं पुस्तक काढा, त्यात जे असेल ते खरं.

मुलगी पाच वर्षांची झाली तरी बसत नव्हती, मान धरत नव्हती, बोलणं तर दूरच. घरात सगळे तिला छकुली म्हणायचे. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून शांतपणे सांगितलं होतं, की हिला माया द्या, व्यायाम द्या, पण चमत्काराची वाट पाहू नका. खरं बोलल्या बिचाऱ्या. पण खरं ऐकायला त्या वेळी कुणाला हवं होतं?

त्याच सुमारास कुणीतरी 'सरां'चं नाव सुचवलं. सर दुसऱ्या गावाहून तीन महिन्यांनी एकदा यायचे आणि एका शाळेच्या हॉलमध्ये आईबापांना गोळा करून आपली पद्धत समजावायचे. मेंदूला रस्ता माहीत नसतो, तो आपण हातापायांतून दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. पोराला टेबलावर पालथं घालायचं आणि पाच माणसांनी मिळून, एकाने डोकं, चौघांनी हातपाय धरून, रांगतं पोर हलवतं तशा तालात ते हलवायचे. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, एकही दिवस न चुकता. चुकला तर केलेलं सगळं पाण्यात. सर लबाड असते तर बरं झालं असतं, निदान कुणाच्या तरी नावाने बोटं मोडता आली असती. पण त्यांचा स्वतःचा त्यावर ठाम विश्वास होता.

मीटरवाल्याने सुताराकडून टेबल करून घेतलं. शिंपीणकाकूंनी त्यावर जाड गादी बसवून हिरवं रेक्झिन शिवलं. शिंपीणकाकू डाव्या पायाला, ड्रॉइंग मास्तर उजव्या पायाला, गॅरेजवाला आणि वरच्या मजल्यावरची नर्स हातांना, आणि डोक्याशी बायको. तिचा एकटीचा दिवसातून चार वेळा तोच पहारा, बाकीच्यांच्या पाळ्या बदलायच्या. 'एक' म्हटलं की मान उजवीकडे, 'दोन' म्हटलं की डावीकडे. छकुली कधी रडायची, कधी भिंतीकडे बघायची, कधी झोपी जायची आणि पाच मोठी माणसं तिला झोपेतच रांगवत राहायची.

वर्षभर लोक आले. उपकार म्हणून नाही, अगदी जीव लावून आले. पण माणसाला काहीतरी दिसावं लागतं. मास्तरांची कंबर धरली. गॅरेजवाल्याच्या घरी बाळ झालं. नर्सची ड्युटी बदलली. एकेक हात कमी होत गेला, आणि दोन हातांचं काम बायको करू लागली. ती वाळून काटकी झाली होती. एक दिवस दाढ असह्य ठणकली, तेव्हा वर्षात पहिल्यांदा ती एकटी घराबाहेर पडली. दाढ काढून, सुजलेल्या गालाला फडकं लावून दोन तासांनी परत आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, की वाटेत विचार केला, उद्यापासून टेबल बंद. लोकांना किती छळायचं? पोरीला तरी किती?

मीटरवाला टेबलाशी उभा होता. छकुली हिरव्या रेक्झिनवर पडून स्वतःची मूठ चोखत होती. आता बंद म्हणजे कायमचं बंद, हे त्याला लख्ख दिसलं. आणखी सहा महिने, असं त्याच्या मनात आलं. फक्त सहा महिने. आणि पुस्तकात जे कधी केलं नाही, ते त्याने तोंडाने केलं.

"तू गेलीस आणि ती 'आई' म्हणाली," तो म्हणाला.

बायकोच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, आनंदाने ओरडेल असंही वाटलं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. ती जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "कशी म्हणाली? म्हणून दाखवा."

याचा त्याने विचारच केला नव्हता. आता माघार कशी घेणार? घसा आवळून, बारीक आवाज काढून, पहिलं अक्षर ओढत, दुसरं अर्धवट सोडत त्याने म्हणून दाखवलं. बायकोने डोळे मिटून घेतले. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

सरांनी प्रत्येक घराला एक वही दिलेली होती. तिच्या शेवटच्या पानावर एक चौकट छापलेली होती. पहिला शब्द. तारीख. वेळ. ऐकणाऱ्याची सही. बायकोने वही आणून पेन त्याच्या हातात दिलं. त्याने तारीख घातली, वेळ घातली आणि खाली सही केली.

सहा महिने कसले, टेबल आणखी दोन वर्षं चाललं. बातमीने मास्तर कंबरपट्टा बांधून परत आले. गॅरेजवाला पहाटेची पाळी घेऊ लागला. छकुली होती तशीच राहिली. पुढे सरांचं येणंच बंद झालं, लोक पांगले, टेबल मधल्या खोलीत तसंच राहिलं आणि त्यावर धुतलेले कपडे घड्या घालून ठेवले जाऊ लागले. छकुलीला मात्र त्या रेक्झिनवर पडायला आवडायचं, म्हणून दुपारी कपडे हलवून तिला तिथे ठेवायचे.

संपलं नाही ते बायकोचं ऐकणं. एकदा बोलली ती पुन्हा बोलेल, आणि नेमकी आपण नसताना बोलेल, ही धास्ती तिच्या मनात घर करून बसली. ती लग्नाकार्याला गेली नाही. बाजाराला गेली नाही. आंघोळीला गेली की न्हाणीघराचं दार किलकिलं ठेवायची आणि तांब्याने पाणीसुद्धा असं घ्यायची की आवाज होऊ नये. कधी दिवस वाईट गेला की जवळ येऊन म्हणायची, एकदा म्हणून दाखवा ना. आणि मीटरवाला घसा आवळायचा. पुढे पुढे गल्ल्यांतून फिरताना, कुणाच्या तरी जिन्याखाली वाकलेला असताना, मीटरच्या त्या बारीक गुणगुणीत त्याला तो आवाज ऐकू यायला लागला. कधी न झालेला, त्यानेच बनवलेला. तो दचकून मागे बघायचा आणि पुन्हा पहिल्यापासून आकडा वाचायचा.

सांगून टाकावं असं त्याला शंभरदा वाटलं असेल. पण मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तीन तासांचा प्रवास. मेहुण्याने दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा स्वतः येऊन बसला. बायको भिंतीकडे बघत म्हणाली, की मी गेले आणि ही बोलली तर? शेवटी मीटरवाला एकटा गेला. म्हातारीला आता कमीच दिसत होतं. दारात पाऊल वाजलं की ती मान उचलायची. चार दिवस ती लेकीच्या तोंडून 'आई' अशी हाक येईल म्हणून दाराकडे कान लावून होती, आणि तिची लेक तिकडे स्वतःच्या लेकीपाशी तीच हाक ऐकायला बसलेली. मधे हा. पाचव्या दिवशी म्हातारी गेली.

परत येताना त्याने ठरवलं होतं, उंबऱ्यातच सांगायचं. पण बायकोने दार उघडलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, काय ते समजली, आणि म्हणाली, "आईला कळलं असेल. मी उगाच थांबले नव्हते ना." यावर कुठल्या तोंडाने सांगणार? सांगितलं तर ती खरंच उगाच थांबली, असं होत होतं. तो हातपाय धुवायला गेला. त्यानंतर दरवर्षी ते सांगणं आणखी जड होत गेलं.

तो निवृत्त झाला त्या सालापासून बायकोला कमी ऐकू यायला लागलं. आधी दाराची घंटा गेली, मग दूध उतू गेल्याचा आवाज, मग त्याची हाक. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आतली नसच सुकत चालली आहे, यंत्राने थोडे दिवस निभेल. यंत्राने वर्षभर निभलं. बावीस वर्षं कानांवर जगलेल्या बाईचे कानच गेले. आता घरात पंखा खडखडायचा, नळ धो-धो वाहायचा, भांडी आदळायची, आणि या सगळ्या आवाजात मीटरवाला एकटाच राहायचा.

तिने हाय खाल्ली नाही. तिने काम वाटून दिलं. म्हणाली, आता तुम्ही ऐकायचं. तुमच्यावर माझा भरवसा आहे. दिवे लागायच्या वेळेला ती रोज त्याच्याकडे बघायची आणि भुवया उंचावायची. म्हणाली का? तो मान हलवायचा. नाही. ती हं करायची आणि कामाला लागायची. एका शब्दाने तिचं म्हातारपण उजळलं असतं. पण त्याने एकदा केलं होतं, पुन्हा करणार नव्हता. रोज खरं तेच सांगायचं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

असं वर्ष गेलं आणि त्याचा धीर सुटला. आपण आधी गेलो तर ही बाई बहिऱ्या कानांनी त्या टेबलाशी बसून राहील, या विचाराने त्याला घास जाईना. दोघांचं बोलणं आता एका वहीवर चालायचं. तो लिहायचा, ती वाचून तोंडाने उत्तर द्यायची. एका दुपारी छकुली टेबलावर पडलेली होती. एकोणतीस वर्षांची, केसांत दोन-चार पांढरे. बायको तिचे केस विंचरत होती. मीटरवाल्याने वही घेतली आणि मीटरचे आकडे लिहायचा तशा सुट्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं.

'त्या दिवशी ती बोलली नव्हती. मी खोटं सांगितलं. ती कधीच बोललेली नाही.'

वही पुढे केली आणि तो उभाच राहिला. बायकोने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. फणी खाली ठेवली. मग तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी माया दाटून आली ती त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कधी बघितली नव्हती.

"माझे कान गेले म्हणून लिहिताय ना हे?" ती म्हणाली. "आता ऐकायला मिळणार नाही, याची मला हळहळ वाटू नये म्हणून?"

त्याने जोरजोराने नकाराची मान हलवली. वही ओढून 'खरंच' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली.

"अहो, वर्ष झालं, मी रोज विचारते आणि तुम्ही रोज नाही म्हणता. खोटं बोलणारा माणूस एकदा तरी माझं मन राखायला हो म्हणाला असता." ती हसली. "तुम्हाला खोटं लिहितासुद्धा येत नाही. सही आहे तुमची सरांच्या वहीतल्या त्या पानावर. तुमचं रीडिंग कधी चुकलंय का?"

तिने वही मिटून बाजूला ठेवली. त्याला हाताला धरून टेबलापाशी शेजारी बसवलं आणि आपला तळवा त्याच्या गळ्यावर, कंठावर, अलगद टेकवला. हे तिच्या डोक्यात बरेच दिवस घोळत असावं.

"कशी म्हणाली होती, तसं म्हणा," ती म्हणाली. "गळा कसा थरथरतो ते मला कळू दे. मग मी हिच्या गळ्यावर हात ठेवून बसत जाईन. कान नसले तरी चालेल."

मीटरवाल्याने छकुलीकडे बघितलं. ती मूठ तोंडात घालून छताकडे बघत होती. बायको डोळे मिटून वाट पाहत होती, तिचा तळवा उबदार होता. त्याने घसा आवळला, पहिलं अक्षर ओढलं आणि दुसरं अर्धवट सोडलं.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. मग तिने हात उचलला आणि लेकीच्या गळ्यावर ठेवला.