अनुभवाचा रकाना

"तीन वर्सं काय करत होती? घरी लोळत होती का?"

मालकानं माझा बायोडाटा मोठ्यानं वाचून दाखवला आणि बाकावर बसलेल्या उमेदवारांकडे पाहून हसला. तेही हसले. मंगरूळपीरच्या एका डाळमिलचं ऑफिस. मजुरांवर देखरेख करायला माणूस हवा होता. समोर खुर्ची रिकामी होती, पण मला कुणी बस म्हणालं नाही.

"घरीच होती, साहेब."

खोटं बोलले. बारावीनंतर तीन वर्षं मी आईबरोबर ऊसतोडीला जात होते. दिवाळी झाली की मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावरून ट्रक निघायचा. तिकडे फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पाय घसरला की संपलं. दुसऱ्या वर्षीपासून कोण तोडणार, कोण मोळ्या बांधणार, तापानं फणफणलेल्या बाईच्या जागी कोण उभं राहणार, हे सगळं मीच ठरवायची. मुकादमाचं बायकांशी पटत नसे. वीस माणसं माझं ऐकत. मग घरी बसून, बाहेरून बी. ए. केलं.

यातलं फक्त बी. ए. कागदावर होतं. कॉम्प्युटर सेंटरवाले भाऊ म्हणाले होते, "ऊसतोड नोको लिवू, ताई. लोक कागद बाजूलेच ठेवतात. अनुभव निरंक टाकतो." मी मान हलवली. वर 'कष्टाळू, मनमिळाऊ, नेतृत्वगुण' असं त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी बायोडाटातून उचलून चिकटवलं. तेही मी चालवून घेतलं.

मालकाची नजर पत्त्यावर गेली.

"तांड्याची हायेस होय? मंग दिवाई झाली का पयशीन कोयता घेऊन. तुमाले दुसरं येते काय?"

पुन्हा हशा. माझ्या अंगाची आग झाली. पण जास्त चीड माझी मलाच आली. हा माणूस आमच्या कामाचं नाव शिवीसारखं घेत होता, आणि ते काम मी आधीच लपवून आले होते. आईच्या हाताचे घट्टे मीच कागदावरून पुसले होते. लाज वाटली. स्वतःची.

"कागद द्या इकडं."

टेबलावरचं पेन उचललं. निरंक खोडलं. लिहिलं : ऊसतोड, तीन हंगाम. वीस जणांच्या टोळीला काम लावून देणे. अक्षर वाकडं आलं. कागद त्याच्यासमोर सरकवला.

"आता वाचा. मघाशी वाचला तसाच, मोठ्यानं."

त्यानं कागद पालथा घातला.

"नोकरी पाह्यजे का नाई तुले?"

"पाह्यजे. लय पाह्यजे. पन खोटं बोलून नाई."

मिळाली नाही. बाकावरच्या एकाला मिळाली.

त्यानंतर बरेच अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. सेंटरवाले भाऊ वैतागतात. आई म्हणते, एवढी शिकली, आता त्या कामाचं नाव कायले काढते? तिला अजून पटवता आलेलं नाही. पण अनुभवाच्या रकान्यात पहिली ओळ ऊसतोडीचीच असते. आईचं आयुष्य कोरं दाखवून मिळणारी खुर्ची मला नको. ज्याला ती ओळ खुपते त्यानं खुशाल माझा अर्ज फाडावा. मी दुसरा आणून देईन, त्याच ओळीसकट.