पुसलेला धाकटा भाऊ

चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला मी पुसून टाकलं. मुद्दाम नव्हे, निष्काळजीपणाने. पण ते लक्षात आल्यावरही मी नऊ दिवस गप्प बसलो, आणि ते मात्र निष्काळजीपणाने नव्हतं.

इथे परदेशात, अल्बनीत, आमच्या शेजारी एक गोऱ्या बाई एकट्या राहतात. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी आपल्या घराण्याचा माग काढायला घेतला. पूर्वज इंग्लंडमधल्या एका खेड्यात पाणचक्की चालवायचे. तिथल्या चर्चची जुनी वही ओलीने गेली होती. त्यामुळे कोण कोणाचा हे कळायला मृत्युपत्रं आणि कोर्टातले दावे, एवढ्या दोनच वाटा उरल्या होत्या. लंडनहून कागदांचे फोटो मागवायचे, भिंगाखाली धरायचे आणि ते वेलबुट्टीसारखं अक्षर एकेक शब्द सोडवायचं. एका पानाला कधी आठवडा लागायचा. मृत्युपत्रात पितळी हंडा ज्या मुलीला दिला तिच्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव दिसलं, की एक लग्न सापडायचं. दाव्यात साक्षीला आलेली मोलकरीण म्हणायची, मालक गेले त्या सकाळी चूल मीच पेटवली; त्यावरून मालक कोणत्या घरात वारले ते कळायचं. त्यांच्या ओट्याशी चहा पीत हे ऐकताना मला नेहमी वाटायचं, मी वीस वर्षं कॉम्प्युटरवर काम करतोय, पण एका ओळीसाठी इतका जीव कधी टाकला नाही.

त्यांची नजर अधू झाली तेव्हा मीच पुढे झालो. बुटांच्या चार खोक्यांत त्यांनी कार्डं लावून ठेवली होती, प्रत्येक माणसाचं एक. ती सगळी वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये भरायची, म्हणजे त्यांना स्क्रीनवर मोठ्या अक्षरात वाचता येतील, आणि ईस्टरला सगळं कुटुंब जमेल तेव्हा प्रत्येकाला एक प्रत देता येईल. खोकी देताना त्यांनी एवढंच सांगितलं, कार्डं आहेत तशीच भर, काही सुधारू नकोस.

शनिवारी शनिवारी मी भरत गेलो. शेवटी प्रोग्रॅमने एक इशारा दाखवला: दोन नोंदी सारख्या दिसतात. तेच नाव, तोच बाप, तेच गाव. ऑफिसात माझं कामच हे आहे. ग्राहकांच्या याद्या साफ करायच्या, दोनदा आलेला माणूस एकदाच ठेवायचा. मी कार्डं उघडून पाहिली नाहीत. दोघांचा एक करून टाकला.

दोन आठवड्यांनी त्यांनी मला हाक मारली. समोर स्क्रीनवर वंशावळ होती. त्या म्हणाल्या, चक्कीवरून थोरल्याने धाकट्यावर दावा लावला, धाकटा हरला आणि गाव सोडून गेला, त्या धाकट्याचेच आम्ही, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. इथे तर धाकटाच नाही.

"एकाच नावाचे दोन सख्खे भाऊ, असं कोण ठेवतं?" त्या म्हणाल्या. "मीच रचला असणार. डोकं साथ देत नाहीये आता."

मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, बघतो.

घरी येऊन खोकी उघडली. दोन कार्डं होती. बापाच्या मृत्युपत्रातली ओळ त्यांनी उतरवून घेतली होती, त्यात थोरला आणि धाकटा वेगवेगळे लिहिले होते. खाली पेन्सिलीने टीप होती: बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आपलं नाव मुलाला देई, दोघांचे धर्मपिते एकाच नावाचे, म्हणून दोन्ही भाऊ एकाच नावाचे. सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांची चूक कुठेच नव्हती.

सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ठरवलं की गुपचूप दुरुस्त करावं आणि दोष प्रोग्रॅमवर ढकलावा. तेवढ्यात त्यांचा फोन आला. डॉक्टरांकडे स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली होती. खोकी परत आणू नकोस, रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाक, म्हणाल्या. ईस्टरला घरच्यांना चुकीचं काही वाटून द्यायचं नव्हतं त्यांना.

आई गावाहून माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आली आहे. रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून आणलेले मटार आम्ही सोलत बसलो होतो, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिला आधी त्या दाव्याचीच गंमत वाटली. भाऊबंदकी साहेबांतही असते म्हणायची, म्हणाली. आमच्या भावकीत आजोबांच्या नावाचे तिघे आहेत, पण कोणी तिघांचा एक केला नाही, हेही तिने ऐकवलं. मग तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"ती बाई स्वतःला वेडी समजतेय," ती म्हणाली, "आणि तू इथे मटार सोलतोयस?"

मी जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात अडकवल्या, खोकी उचलली आणि कुंपणाच्या फाटकातून पलीकडे गेलो. त्या बागेतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. खोकी पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी ती दोन कार्डं काढली, त्यांच्या हातात भिंग दिलं आणि पेन्सिलीची टीप वाचून दाखवली. टीप संपायच्या आतच पुढचे शब्द त्यांनी स्वतः म्हटले, पाठ असल्यासारखे.

"धाकटा होता," मी म्हणालो. "तुम्ही रचला नाहीत. तुम्ही सुधारू नकोस म्हणालात, तरी मी कार्ड न बघता त्याला पुसलं. आणि तुम्ही स्वतःच्या डोक्यावर शंका घेतलीत, तेव्हा माझी लाज वाचावी म्हणून मी नऊ दिवस गप्प बसलो. तुमचं डोकं ठीक आहे. चूक माझी आहे. मला माफ करा."