एकाच रंगाच्या चार पट्ट्या

“लिंबू-मिरची बांध गं एकदा. मशीनला नजर लागलीय, दुसरं काय नाय,” सुजाताताईंच्या सासूबाई आतल्या खोलीतून सांगत होत्या. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून कॉम्प्युटरचं साइड पॅनल काढत होते.

कर्जतच्या बाजारात एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी काम करते. नवी मशीन जोडायची, बिघडलेली दुरुस्त करायची. काउंटरवर मालक मिलिंददादा बोलतात, मागच्या टेबलावर मी असते. शाळा इंग्लिश मीडियमची. वाक्य डोक्यात आधी इंग्लिशमध्ये तयार होतं आणि मराठीत येईपर्यंत समोरची माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. मग मी ते वाक्य सोडून देते. दुकानातले बाकीचे दुपारी वडापाव आणायला एकत्र जातात. मला विचारायचं त्यांनी कधी बंद केलं, ते आठवत नाही.

सुजाताताई खालापूरला राहतात आणि घरीच लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. गेले काही आठवडे एक्सपोर्ट करताना, म्हणजे तयार व्हिडिओची शेवटची फाइल बनताना, मशीन बंद पडत होतं. कधी वरातीत, कधी पंगतीत. जागा ठरलेली नाही. दादांनी फोनवर सांगितलं होतं की एका वेळी जास्त काही उघडू नका. ताईंनी ते इतकं मनावर घेतलं की वायफाय बंद, गाणी बंद, स्वतःचा मोबाइलसुद्धा त्या टेबलापासून लांब.

“रविवारी नवरीकडचे येणार,” त्या म्हणाल्या. स्क्रीनवर पांढऱ्या साडीतली नवरी हार हातात धरून थांबली होती. “या वेळी नाही झालं तर पनवेलच्या स्टुडिओला देऊन टाकते आणि हे बंदच करते. मला नाय जमत हे बहुतेक.”

मी मान हलवली.

बिघाडाची जागा ठरलेली नसली की माझा पहिला संशय मेमरीवर जातो. मेमरी म्हणजे रॅम, मदरबोर्डवर उभ्या बसवायच्या पट्ट्या. मदरबोर्ड हा मुख्य बोर्ड, त्यावर अशा चार खाचा असतात. पट्ट्या जोडीने मिळतात. एका पाकिटातल्या दोन पट्ट्या कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात, त्याला किट म्हणतात. ताईंच्या मशीनमध्ये आधी एक जोडी होती. काम वाढलं तशी दादांनी दुसरी लावून दिली होती. चारही काळ्या, एकाच कंपनीच्या, एकाच स्पीडच्या.

मी पेनड्राइव्हवरून मेमरी टेस्ट सुरू केली. तिला फार वेळ लागतो आणि बघण्यासारखं काही नसतं, फक्त टक्के सरकतात. सासूबाईंनी चहा दिला, गाव विचारलं. मी खोपोली म्हटलं. मी आणखी काही बोलीन म्हणून त्या थांबल्या, मग कप घेऊन गेल्या. डबा मी ओट्यावर बसून खाल्ला.

एकेक पट्टी लावून पाहिली. प्रत्येक पास. चारही लावल्या की एरर. पहिलीच जोडी ठेवली की पुन्हा पास.

मग स्टिकर नीट पाहिले. नवीन दोन पट्ट्यांवर शेवटचा बारीक व्हर्जन नंबर वेगवेगळा होता. म्हणजे आतल्या चिप वेगळ्या. त्या दोघी एकमेकींच्या जोडीच्याही नव्हत्या.

हे कसं झालं ते मला माहीत होतं. आमच्याकडे सुट्या पट्टीला गिऱ्हाईक जास्त, म्हणून किटचं सील फोडतात आणि उरलेली पट्टी ट्रेमध्ये टाकतात. पुढे कोणाला जोडी हवी असली की ट्रेमधून एका रंगाच्या दोन उचलायच्या. काळीला काळी, लालला लाल. साध्या ऑफिसच्या मशीनला ते बऱ्याचदा चालून जातं, व्हिडिओच्या कामात मेमरी भरते आणि तिथे अडतं. शिवाय ताईंच्या बोर्डाच्या कंपनीने स्पष्ट दिलं आहे की दोन पट्ट्यांना पूर्ण स्पीड, चार लावल्या तर बराच कमी. इथे चारही पूर्ण स्पीडवर पळवल्या होत्या.

मी अंगणात जाऊन दादांना फोन लावला.

“एकेक टेस्ट केलीस?”

“केली.”

“पास?”

“पास.”

“मग मेमरी ओके आहे. विंडोज नवीन टाक आणि ये.”

“चार एकत्र लावल्या की एरर येतात,” मी म्हटलं आणि स्टिकरचे फोटो पाठवले.

दादा वाईट नाहीत, आणि त्यांना त्यांचा ट्रे माहीत आहे.

“बरं,” ते म्हणाले. “मोठ्या दोन पट्ट्यांचं सीलबंद किट मागवतो. त्यांना अपग्रेड करून देतोय म्हणून सांग. बाकी काय बोलू नको. तू तशीपण कुठं बोलतेस.”

रविवारच्या आधी किट आलं आणि मी ते घेऊन पुन्हा ताईंकडे गेले. त्या बोर्डावर कंपनीने तपासलेल्या किटपैकीच होतं. दोनच पट्ट्या, पण मेमरी आधीच्या चार पट्ट्यांइतकी. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, कारण त्या बोर्डाला दोन पट्ट्या तिथेच लागतात. टेस्ट पास झाली. एक्सपोर्ट वरातीतून गेलं, पंगतीतून गेलं आणि पूर्ण झालं. पट्टीचा काळा रंग हा वरच्या पत्र्याचा असतो. आत काय आहे, ते रंग सांगत नाही. दुकानातला ट्रे अजून तिथेच आहे.

मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले. दादांनी सांगितलेलं वाक्य माझं सांगून झालं होतं, अपग्रेड केलंय ताई. ताईंनी फाइल पहिल्यापासून एकदा चालवून पाहिली. मग वायफायच्या बंद ठेवलेल्या डब्याकडे बघत म्हणाल्या, “आता मी यापुढेही सगळं बंदच ठेवीन गं. एकेकच उघडीन. माझ्याच हातानं खराब होत होतं ना?”

स्कूटीची किल्ली माझ्या हातात होती. मान हलवून निघता आलं असतं. वाक्य इंग्लिशमध्ये तयार झालं. ताई या वेळी पुढच्या विषयावर गेल्या नाहीत, माझ्याकडे बघत थांबल्या.

“नाही ताई,” मी म्हटलं. “तुमचं काहीच चुकलं नव्हतं. जोडी आम्ही चुकीची लावली होती.”